पंचेचाळीस सेकंद, चाळीस मणी

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी अडीच.

आज आलेलं: हरभरे दोन किलो, एकशे नव्वद. गूळ अर्धा किलो, पस्तीस. कैऱ्या महाग सांगितल्या म्हणून आल्या नाहीत. माझ्या मुलाच्या, सुबोधच्या बोटीवरचा मित्र सुट्टीवर आला, त्याच्या हाती आमचं पार्सल: चॉकलेटचा डबा एक (छोटा), फ्रिजला चिकटवायची बोट एक, टॉवेल एक. खर्च काही नाही. मित्राला पोहे.

समोर कुंदाकडे आलेलं: इन्व्हर्टर एक, बॅटरी एक, दोन माणसांनी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आणलेली. किंमत साडेचोवीस हजार (वॉचमनकडून कळली). जुना होता तो धवलभाईंच्या दुकानात एक्स्चेंजला दिला. चांगला चालत असणार. उधळपट्टी.

मला हेवा वाटत नाही. मत्सर हा षड्रिपूंतला सहावा, आणि परवाच गौर बसवली आहे, घरात देवी आहे. मी फक्त नोंद ठेवते.

आणखी एक नोंद. सुबोधचा मित्र आमच्याकडून निघाला आणि समोरची बेल वाजवली. हातात आमच्यापेक्षा मोठी पिशवी. मी दाराच्या भोकातून बघितलं. कुंदाच्या मुलीने, स्वरदाने, ती घेतली. सुबोधने सगळ्या मजल्याला वाटायला दिलं असेल. संध्याकाळपर्यंत वाटप दिसलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार.

सेक्रेटरी नंदकिशोरने लिफ्टपाशी नोटीस लावली. मीटररूमची वायरिंग बदलणार. दिवसा पाण्याचा पंप लागतो, म्हणून शुक्रवार २५ एप्रिल, संध्याकाळी सात ते नऊ बिल्डिंगचे लाइट बंद.

२५ ला माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बायकांना सांगून झालंय. बोरीवलीत इतक्या बिल्डिंगा आहेत, पण लाइट आमच्याच जाणार.

नोटीस वाचत असताना चार बायकांच्या देखत कुंदा म्हणाली, “रतन, आमच्याकडे कर गं. नवा इन्व्हर्टर आहे, सहा तास आरामात चालतो.”

आरामात. मी हसून बघते म्हटलं. घरी येऊन पाणी प्यायले.

माझा मुलगा बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर. तीन हजार माणसं भर समुद्रात त्याच्या उजेडात जेवतात. आणि त्याच्या आईने कुंदाच्या ट्यूबलाइटखाली हळदीकुंकू करायचं?

संकल्प: २५ तारखेला सात वाजता अख्ख्या बिल्डिंगमध्ये पहिला उजेड माझ्या घरात पडेल.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

सुबोधचा फोन. सहा मिनिटं. बोटीवरचं इंटरनेट महाग पडतं म्हणून आम्ही सहाच्या वर जात नाही. विचारलं, बोटीवर लाइट गेले तर तुम्ही काय करता रे? तो खूश झाला. म्हणाला, आई, नऊ वर्षांत जेवलास का याच्यापुढे तू पहिल्यांदाच काही विचारलंस. सविस्तर बोलून पाठवतो म्हणाला.

चौदा मिनिटांचा मेसेज आला. कुंदाला कुणी चौदा मिनिटांचा मेसेज पाठवत असेल असं वाटत नाही.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.

उपास. मेसेज तीनदा ऐकून टिपून घेतला.

बोटीच्या पोटात, इंजिनरूममध्ये, मोठे जनरेटर. सगळी बोट त्यांच्यावर. पण तिथे आग लागली किंवा पाणी शिरलं तर खालचं सगळं एका दमात जाणार. म्हणून आणीबाणीचा जनरेटर खाली ठेवतच नाहीत. वरच्या डेकवर वेगळी खोली, वेगळं डिझेल, वेगळं पॅनल. रोजच्या दिवशी या पॅनलला खालूनच वीज येते, मध्ये एक केबल असते. खालचं गेलं की ती केबल आपोआप सुटते, नाहीतर छोट्या जनरेटरवर अख्खी बोट येऊन पडेल.

लाइट गेल्यापासून पंचेचाळीस सेकंदांच्या आत तो जनरेटर सुरू होऊन वीज द्यायला लागला पाहिजे. पण तेवढाही वेळ अंधार नको. त्यासाठी बॅटऱ्या. त्या पातं लवायच्या आत दिवे लावतात आणि अर्धा तास दम धरतात. पाहुणे अचानक आले की हे त्यांना गावच्या गोष्टींत धरून ठेवतात आणि मी आत चहा टाकते, तशातला प्रकार.

जनरेटर छत्तीस तास पुरला पाहिजे. मालाच्या बोटीला अठरा. माणसं म्हटली की दुप्पट, हे पटलं.

घड्याळ समोर ठेवून जपमाळ ओढून बघितली. पंचेचाळीस सेकंद म्हणजे माझे चाळीस मणी.

१० एप्रिल, गुरुवार.

स्टेशनजवळ धवलभाईंच्या दुकानात गेले. नव्याची किंमत ऐकून उठले. मग त्यांनी मागच्या खोलीतून एक इन्व्हर्टर आणि बॅटरी दाखवली. सेकंडहॅन्ड, पण चांगल्या सज्जन घरातली, फार वापरलेली नाही म्हणाले. झाकणावर कुणीतरी कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. म्हणजे घर देवाधर्माचं. चांगला शकुन. साडेचार सांगितले, तीन हजार आणि आमचा जुना मिक्सर यावर आणले.

कुंदाचे साडेचोवीस. माझे तीन. मिक्सर तसाही ओरडायचा.

धवलभाईंनी दोनदा बजावलं: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि प्लग चालूच ठेवा. दुकानदार दोन गोष्टी जास्तच सांगतात.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी दहा.

कुंदाने आपला इन्व्हर्टर जमिनीवर ठेवलाय, खिडकीखाली. दार उघडं असतं तेव्हा दिसतो. पाणी शिरलं की कळेल तिला. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो असं ह्यांनी म्हणून दाखवलं. ह्यांचं समुद्राशी नातं मालवणच्या किनाऱ्यावर बांगडे विकत घेण्यापुरतं. नियम म्हणजे नियम, आणीबाणीचं सामान वर.

माळ्यावर चढवलं. नंदकिशोर, हे आणि दूधवाला. ह्यांच्या कमरेत उसण भरली. बाम होता घरात.

१३ एप्रिल, रविवार.

हे माळ्यावर डोकं घालून म्हणाले, “ह्येच्यात पाणीच नाय गो.” बॅटरीची झाकणं उघडली तर खरंच आत कोरडं. सज्जन घरातलेही विसरतात.

डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन दीडशे. डिस्टिल्ड म्हणजे काय विचारलं तर हे म्हणाले, एकदम शुद्ध पाणी, काही मिसळलेलं नसतं. मग दीडशे कशाला? देवघराखाली गंगेचा मोठा कॅन आहे. जाऊबाई काशीला गेल्या तेव्हा आणलेला, सात वर्षं झाली, एक किडा नाही. याच्याहून शुद्ध पाणी धवलभाईंच्या बापजन्मात दुकानात यायचं नाही.

हात जोडून सहाही भोकांत भरलं. हे वरून म्हणाले की हे काही बरोबर वाटत नाही. ह्यांच्या बनियनवर आत्ता पाच-सहा भोकं पडलेली दिसली. जुनंच होतं.

बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. प्लास्टिक घातलं, वरून जुनी साडी. प्लग काढून ठेवला. वीज चोवीस तास पाजत बसायला आपली बोट नाही.

१५ एप्रिल, मंगळवार.

आणीबाणीच्या जनरेटरवर बोटीचं सगळं चालत नाही. एसी नाही, मोठं स्वयंपाकघर नाही, नाचगाण्याचं थिएटर नाही. बाहेर पडायच्या वाटांचे दिवे, आग विझवायचा पंप, सुकाणू, पाणी अडवणारी दारं, वायरलेस, भोंगा. सुबोधचे शब्द: “आई, जीव वाचवायला जे लागतं तेवढंच.”

माझी यादी: गौरीवरची दिव्यांची झालर. हॉलची ट्यूब. हॉलचा पंखा. फ्रिज (पन्हं गार हवं). नवा मिक्सर (आवाज समोर ऐकू गेला पाहिजे). दारावरचं ॐ, जे लुकलुकतं. जीव वाचवायला एवढंच लागतं.

बेडरूमचा पंखा कापला. तिथे फक्त हे असतात.

१७ एप्रिल, गुरुवार.

सुबोध म्हणतो, बोटीवर दर आठवड्याला तो जनरेटर चालवून बघतात. प्रवाशांना पत्ता नसतो. न चालवलेली वस्तू ऐन वेळी दगा देते म्हणाला. तुझा चालवून बघितलास का?

बघते म्हटलं. पण नवी वस्तू आणि चांगल्या दिवसाआधी वापरायची? लग्नातली पैठणी मी दर आठवड्याला नेसून बघत नाही. २५ ला गौरीपुढे पहिला उजेड पडेल.

सहा मिनिटांनी फोन ठेवला. दोन मिनिटांत स्वरदा कानाला फोन लावून गच्चीकडे गेली. आमची तूरडाळ वाळत होती, बघायला वर गेले. ती सव्वा तास बोलत होती. मधे ऐकू आलं: “अरे पण तो वर माळ्यावर ठेवलाय.” म्हणजे माझ्या इन्व्हर्टरची माहिती कुठेतरी पोचवली जाते आहे. कुंदाने मुलीला कामाला लावलंय.

१९ एप्रिल, शनिवार.

आता खात्रीच झाली. स्वरदा लिफ्टमध्ये भेटली, मी सहज म्हटलं, आमचं बोटीवरच्या पद्धतीने केलंय, चोवीस तास पुरेल. तर म्हणाली, “काकू, बोटीवर छत्तीस असतात. आणि फ्रिज नका ना लावू त्यावर.”

छत्तीस हा आकडा तिला कुठून? फ्रिजची यादी माझ्या वहीत आहे.

सगळं जुळलं. कुंदा माझ्या मुलाकडून फुकट सल्ला काढते आहे. तो बिचारा भोळा. स्वरदाला बँकेत नोकरी, संध्याकाळी वेळच वेळ, बोलण्यात गोड. सव्वा तास इंटरनेटचा खर्च आणि तोही माझ्या मुलाचा. आईला सहा मिनिटं आणि कुंदाच्या इन्व्हर्टरला पंचाहत्तर.

तिच्या गळ्यात निळा स्टोल होता. त्यावर तीच बोट, जी आमच्या फ्रिजवर आहे.

जपाला बसले. चाळीस मणी बेचाळीस सेकंदांत झाले. घाई होते आहे.

२२ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

स्वरदा वायरचं भेंडोळं घेऊन दारात. म्हणाली, काकू, आमच्या इन्व्हर्टरवरून एक लाइन तुमच्या दारावरून आत टाकते, तुमचं चाललं तर वापरू नका, पण असू दे.

मी तिला बोटीचा नियम सांगितला. आणीबाणीचं पॅनल वेगळं. उसनवारी नाही. ती खालमानेने हसली, म्हणाली, “हो, पण रोजच्या दिवशी मध्ये केबल असते ना काकू.” माझंच मला ऐकवते.

नको म्हटलं. हे आतून म्हणाले टाकूदे, पोर एवढं म्हणते आहे तर. ह्यांना समोरच्या घराचा भारीच पुळका. रविवारी तिच्याकडून नारळवड्या खाऊन आले आणि मला सांगितलंही नाही.

भेंडोळं तिने आपल्या दाराच्या आत, खुंटीला टांगून ठेवलं. मुद्दाम, मला दिसेल असं.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी.

उपास, त्यात आंबेडाळीची डाळ भिजवली. कुंदाने विचारलं, डाळ वाटायला येऊ का गं? नको म्हटलं. तिकडच्या घाटावरच्या पद्धतीने ती आंबेडाळीत साखर घालते.

उद्याचा क्रम. सात वाजता लाइट जातील. मी उभी राहून म्हणेन, घाबरू नका, बोटीवर असंच होतं. हातात माळ. बायका गप्प. ह्यांनी स्टुलावर उभं राहून पस्तिसाव्या मण्याला बटण दाबायचं. चाळिसाव्याला झालर, ट्यूब, ॐ, सगळं एकदम. कुंदाचं तोंड तेव्हा गौरीच्या डाव्या बाजूला असेल. तिची खुर्ची तिथेच मांडणार आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी चार.

ओटीचे हरभरे झाले. पन्हं फ्रिजमध्ये. कलिंगडाचं कमळ बरं उतरलं. गौरीचा झोपाळा सजवला. बॅटरीची साडी काढली. झाकणांभोवती पांढरं काहीतरी फुलून आलंय. विभूतीसारखं. अंगावर काटा आला. देवीचा हात आहे.

२६ एप्रिल, शनिवार. दुपारी.

काल लिहिणं झालं नाही. क्रमाने लिहिते.

अकरा बायका आल्या. कुंदा मोतिया रंगाची साडी नेसून आली, तिला शोभते, हे मी आधीही कबूल केलंय. स्वरदा तिच्या मागे. सातला दोन मिनिटं असताना मी उभी राहिले आणि बोटीवरचा सगळा प्रकार सांगितला. तळमजल्याच्या सोनूबाईंनी विचारलं, तुझा पोरगा एवढं सगळं करतो? बरं वाटलं.

सातला लाइट गेले. मी माळ ओढायला लागले. पस्तिसाव्या मण्याला माळ्यावरून एकदा ‘टूं’ असा आवाज आला. चाळीस झाले. काही नाही. मला वाटलं घाईत ओढले, म्हणून सावकाश घेतले. साठ. एकशे आठ. मेरुमणी आला, माळ उलटी फिरवली. अंधारात कुणीतरी खोकलं. स्टुलावरून ह्यांचा आवाज आला, गंगाजळ काय करतला.

समोर कुंदाच्या घरात लाइट सातला गेलेच नव्हते. म्हणजे गेले असतील, पण कुणाला कळलं नाही. त्यांचं दार उघडं होतं. तिथला पांढरा उजेड जिना ओलांडून माझ्या उंबऱ्यावर, रांगोळीपर्यंत आला होता. रांगोळी त्यात फार उठून दिसत होती. हे लिहायला नको होतं.

एकशे आठ दुसऱ्यांदा सुरू केले. थांबले असते तर काय म्हणाले असते?

तेवढ्यात कुणीतरी उठलं, समोर गेलं आणि वायर ओढत परत आलं. माझ्याजवळ वाकून स्वरदा म्हणाली,

“आई, माळ ठेवा बाजूला. गौरीजवळचा बोर्ड कुठे आहे?”

मी बोट दाखवलं. झालर लागली. पंखा फिरला. सगळ्यांची तोंडं दिसली. स्वरदाचं तोंड तिला स्वतःला काय बोलून गेली ते कळल्यासारखं झालं होतं. कुंदा छताकडे बघत होती. बाकीच्या नऊजणी माझ्याकडे. एकीलाही नवल वाटलेलं नव्हतं.

सोनूबाई म्हणाल्या, “चला, फुटलं एकदाचं.” आणि आंबेडाळ मागितली.

मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. एकीचं कुंकू भुवईला लागलं. स्वरदाची ओटी भरताना हरभरे जरा जास्तच पडले. परत काढले नाहीत.

शेवटी कुंदा मागे थांबली. वाट्या विसळू लागली. मी विचारलं नाही, तीच म्हणाली, “रतन, गेल्या दिवाळीपासून मला वाटतंय की तुला ह्या दोघांचं माहीत आहे आणि पसंत नाही म्हणून तू बोलत नाहीस. रोज तुझ्या दाराकडे बघायचे गं, आज तरी विषय काढशील म्हणून.”

दिवाळीपासून. आणि मी तिच्या दाराकडे बघत होते, इन्व्हर्टर कुठे ठेवलाय ते.

आज सकाळी धवलभाई येऊन बॅटरी बघून गेले. पाणी कुठलं घातलंत विचारलं. सांगितलं. त्यांनी चपला काढून हात जोडले आणि भंगारात सहाशे देतो म्हणाले. उचलताना खालच्या बाजूला एक कागद चिकटवलेला दिसला, त्यावर दुकानातल्या माणसाच्या अक्षरात: कुंदाताई, तिसरा मजला, लोड घेत नाही.

म्हणजे कुंदाचंच कुंकू होतं त्यावर. वरून मी पूजा केली त्याची.

सुबोधला पाठवायचा मेसेज. आधी इथे लिहून बघते, मग फोनवर उतरवते:

चि. सुबोधला अनेक आशीर्वाद. हळदीकुंकू नीट झालं. तुझी पद्धत बरोबर आहे, आमचं पाणी चुकलं. दर आठवड्याला चालवून बघायला हवं होतं, हेही बरोबर. वायर अजून दारावर आहे. काढ म्हटलेलं नाही. रोजच्या दिवशी मध्ये केबल असते म्हणे.

तुझ्या वडिलांना माहीत होतं. नारळवड्या खायला ते तिथे का जात होते ते आत्ता कळलं, आणि माझ्या फ्रिजचं तिकडे कुणी सांगितलं तेही. सोनूबाईंना माहीत होतं. वॉचमनला विचारलं नाही, हिंमत झाली नाही. जनरेटरवर माझ्याशी चौदा मिनिटं बोललास, त्यातलं एक वाक्य याचं असतं तरी चाललं असतं. पंचेचाळीस सेकंद पुष्कळ झाले असते. मी मोजून बघितलेत.

पोर चांगली आहे. अंधारात बोर्ड शोधते, आरडाओरडा करत नाही. आंबेडाळीत साखर मात्र मी चालू देणार नाही, हे तिला तू सांग, मी सांगितलं की वेगळं दिसतं.

सप्टेंबरमध्ये उतरणार की ऑक्टोबरमध्ये, ते सावकाश सांगितलंस तरी चालेल. मला एकच विचारायचं आहे, राग नाही, नोंदीसाठी. हे तू कुंदाला माझ्या किती आधी सांगितलंस? तारीख वार तेवढा उलट टपाली कळव.